कमानीचे पाटे उघडले तेव्हा

माझ्या जुन्या पिकअपची मागची डावी बाजू उजवीपेक्षा २२ मिलिमीटरने खाली बसली आहे, हे मला मोजपट्टी लावल्यावर कळले. त्याआधी बरेच दिवस गाडी काही ना काही सांगत होती. रिकामी गाडी खड्ड्यातून गेली की मागून कोरडा दणका बसायचा, पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना मागे एकदाच ‘ठक्’ असा आवाज यायचा आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग किंचित एका बाजूला धरून ठेवावे लागायचे. या तिन्ही तक्रारींचे मूळ मी भलत्याच ठिकाणी शोधत राहिलो. टायरमधली हवा तपासली, पुढच्या चाकांचे अलाइनमेंट करून घेतले, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हलवून पाहिले. मागच्या कमानींकडे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगांकडे, मात्र लक्ष गेले नाही, कारण तीन वर्षांपूर्वी त्यांचे काम करून घेतले होते आणि त्या भरवशावर मी निर्धास्त होतो.

ते काम म्हणजे दोन्ही बाजूंना घातलेला एकेक जादा पाटा. ओझे लादल्यावर गाडी मागून फार बसते, म्हणून ९ मिलिमीटर जाडीचा एक आखूड पाटा मी तिसऱ्या पाट्याखाली बसवून घेतला होता. गाडी त्याच दिवशी चांगली उचलली गेली आणि मला समाधान वाटले. पाट्याचा ताठपणा कसा वाढतो याचा हिशेब मी तेव्हा केला असता, तर तो पाटा हातातही घेतला नसता. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, पण जाडीच्या बाबतीत तो घनाच्या प्रमाणात वाढतो आणि लांबी कमी केली तर त्याच घनाच्या हिशेबाने आणखी वाढतो. माझे मूळचे चार पाटे ७ मिलिमीटरचे होते. ७ चा घन ३४३ आणि ९ चा घन ७२९, म्हणजे जाडीत अवघ्या २ मिलिमीटरने पुढे असलेला तो पाटा, लांबी सारखी धरली तरी, मूळच्या दोन पाट्यांहून अधिक ताठ होता. आणि तो आखूड असल्यामुळे प्रत्यक्षातला फरक याहून मोठाच होता. रिकाम्या गाडीतले दणके तेव्हापासूनच सुरू झाले होते, फक्त मी त्यांचा संबंध पाट्याशी लावला नव्हता.

पिकअपच्या मागच्या कमानीकडून आपण केवळ ओझे पेलण्याची अपेक्षा ठेवतो, पण तिच्यावर त्याहून बरेच काही अवलंबून असते. गुंडाळीच्या स्प्रिंगवर उभ्या असलेल्या गाडीत एक्सलला जागेवर धरायला वेगळे दांडे असतात. कमानपाट्याच्या गाडीत ते कामही पाटेच करतात. चाकांनी दिलेला पुढचा रेटा चासीपर्यंत पोहोचवणे, ब्रेक लागल्यावर मागे ओढला जाणारा एक्सल रोखणे, वळणावर त्याला बाजूला सरकू न देणे आणि गिअर टाकताच एक्सलचे हौसिंग स्वतःभोवती फिरू पाहते तो पीळ सोसणे, हे सगळे त्याच लोखंडाच्या पट्ट्या करतात. कमानीचा पुढचा डोळा, म्हणजे मुख्य पाट्याचे गोल वळवलेले टोक, चासीवरच्या पकडीत, हँगरमध्ये, एका जागी अडकवलेला असतो, आणि मागचा डोळा शॅकल नावाच्या हलत्या दुव्यावर झुलतो, कारण ओझ्याखाली कमान सपाट होते तेव्हा तिची लांबी वाढते आणि त्या वाढीला कुठेतरी वाट द्यावी लागते. म्हणजे एक्सल पुढेमागे कुठे असावा हे ठरवणारी जागा एकच, पुढच्या डोळ्यातला बुश, म्हणजे बोल्टभोवतीचे रबरी अस्तर. तो बुश गेला की एक्सलचा मुक्काम हलला.

हे लक्षात आल्यावर मी आधी सगळे मोजले. सपाट फरशीवर रिकामी गाडी उभी केली, चारही टायरमध्ये सांगितलेली हवा भरली, मागचा बंपर चार-पाच वेळा दाबून सोडला आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतची उंची दोन्हीकडे घेतली. मग ओळंबा घेऊन पुढच्या डोळ्यांच्या बोल्टचे मध्य आणि एक्सलच्या दोन्ही टोकांवरच्या सारख्या जागा फरशीवर उतरवल्या, खडूने खुणा केल्या, गाडी बाजूला घेतली आणि खुणांमधली अंतरे व कर्ण मोजले. डावीकडचा एक्सल ६ मिलिमीटर मागे निघाला. एक्सल गुण्यात, म्हणजे गाडीच्या लांबीशी काटकोनात, नव्हता, आणि स्टिअरिंग एका बाजूला धरावे लागण्याचे कारण पुढच्या चाकांत कधीच नव्हते. दोरा, ओळंबा आणि खडू यांनी अर्ध्या तासात जे दाखवले, ते मला इतके दिवस सापडले नव्हते.

कमान उतरवण्याच्या कामात घाई अजिबात चालत नाही, कारण दाबलेल्या पाट्यांत साठलेली ताकद माणसाला इजा करायला पुरेशी असते. पुढची चाके घरंगळू नयेत म्हणून मी त्यांना ओट लावली, गाडी मागून उचलून चासीखाली, पुढच्या हँगरच्या पुढे, दोन भक्कम घोड्या लावल्या आणि एक्सलखाली वेगळा जॅक ठेवला. चासीचे वजन घोड्यांवर आणि एक्सलचे वजन जॅकवर, अशी विभागणी झाली की जॅक वरखाली करून कमानीवरचा ताण हवा तेवढा काढता येतो. शॉक ॲब्सॉर्बरची खालची टोके सोडल्यावर एक्सल अपेक्षेपेक्षा बराच खाली जातो आणि ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो, म्हणून त्यावर सतत नजर ठेवली. कमान एक्सलला आवळून धरणाऱ्या यू बोल्टचे नट गंजाने एकजीव झाले होते. ते सोडवत बसण्यापेक्षा मी बोल्टच कापले. ते नाहीतरी परत वापरायचे नसतात, कारण एकदा पूर्ण आवळलेला यू बोल्ट ताणला गेलेला असतो आणि दुसऱ्यांदा तेवढीच पकड तो देत नाही.

खरी झुंज पुढच्या डोळ्याच्या बोल्टशी झाली. त्याचा नट सहज निघाला, म्हणून बोल्टही निघेल असे वाटले. पण बुशच्या आतली पोलादी नळी आणि बोल्ट यांच्यात गंज इतका मुरला होता की पाना फिरवला की बोल्टबरोबर नळीही फिरायची आणि रबर पिळून परत मागे यायचे. दोन दिवस झिरपणारे तेल सोडून पाहिले, उपयोग झाला नाही. गॅसची ज्योत लावून बोल्ट लाल करावा असा सल्ला मिळाला होता, तो मी मानला नाही. कमानीच्या पोलादाला जे लवचिक बळ असते ते त्याला दिलेल्या पाण्यामुळे, म्हणजे विझवल्यावर पुन्हा बेताने तापवण्याच्या संस्कारामुळे असते, आणि डोळ्याजवळ तापवलेला पाटा थंड झाल्यावर दिसायला तसाच दिसला तरी आतून बदललेला असतो. शेवटी हँगरची पाख आणि कमानीचा डोळा यांच्यातल्या बोटभर नसलेल्या फटीत करवतीचे लांब पाते घालून बोल्ट दोन्हीकडून कापला. एका बाजूला चाळीस मिनिटे गेली आणि तीन पाती गेली, पण हँगर आणि पाटा दोघांनाही ओरखडा आला नाही.

डावी कमान जमिनीवर घेतल्यावर, सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट सोडण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना दोन मोठे सी क्लॅम्प आवळले. प्रत्येक पाटा त्याच्या वरच्या पाट्यापेक्षा थोडा जास्त वाकवलेला असतो, त्यामुळे मधला बोल्ट एकदम काढला तर ते झटक्याने वेगळे होतात. क्लिपांचे कान छिन्नीने उघडले, बोल्ट काढला आणि क्लॅम्प आळीपाळीने थोडेथोडे सैल करत गेलो. पाटे एकेक करून श्वास सोडल्यासारखे वर आले आणि तिसऱ्या पाट्याचे दोन तुकडे माझ्यासमोर पडले.

तो पाटा जिथे तुटला होता ती जागा मी बराच वेळ पाहत होतो. आखूड जाड पाट्याचे टोक जिथे टेकत होते, त्याच्या जरासा पुढे तो आडवा गेला होता. तुटलेल्या तोंडाचे दोन भाग स्पष्ट दिसत होते: वरच्या पृष्ठभागापासून सुरू होऊन आत गेलेली चंद्रकोरीसारखी काळपट, गुळगुळीत जागा, आणि उरलेला भाग साखरेच्या दाण्यांसारखा खरखरीत, अजूनही थोडा चमकणारा. काळपट भाग म्हणजे जुनी चीर. ती कित्येक महिने थोडीथोडी सरकत होती आणि तिच्यात पाणी जाऊन गंज धरत होता. खरखरीत भाग शेवटच्या एका दणक्यात गेलेला. ओझ्याखाली कमान सपाट होताना पाट्याची वरची बाजू ताणली जाते, म्हणून चीर बहुधा तिथूनच सुरू होते, आणि माझ्या आखूड पाट्याने मधला सगळा भाग ताठ करून टाकल्यामुळे वाकण्याचे सगळे काम त्याच्या टोकापुढच्या चिमूटभर जागेवर येऊन पडले होते. कमान मजबूत करायच्या नादात मी तिला एका रेषेवर मोडायला लावले होते.

बाकीच्या पाट्यांमधून तांबूस भुकटी निघाली. एकमेकांवर घासणाऱ्या टोकांशी खोबणी पडल्या होत्या आणि एके ठिकाणी ७ मिलिमीटरचा पाटा कॅलिपरवर ६.३ भरला. ही दहा टक्के झीज ऐकायला किरकोळ वाटते. पण घनाच्या हिशेबाने, पाटा सगळीकडे तेवढाच झिजला असता तर त्याचा ताठपणा चौथ्या हिश्श्याहून अधिक घटला असता. उरलेले सगळे पाटे तारेच्या ब्रशने घासून, धुऊन, वाळवून मी चिरांत शिरणारा लाल भेदक रंग लावून, वरचा रंग पुसून काढून आणि मग पांढरा डेव्हलपर लावून तपासले. उजवीकडच्या कमानीत सेंटर बोल्टच्या भोकापासून निघालेली केसाएवढी चीर त्या पांढऱ्या थरावर लाल रेघ होऊन उमटली. साध्या डोळ्यांना ती दिसली नव्हती.

आता जुने पाटे परत वळवून घ्यायचे की नवे घ्यायचे, हा प्रश्न होता. थंड असतानाच प्रेसखाली ठोकून वाकवलेला जुना पाटा काही दिवस उंची दाखवतो आणि पुन्हा बसतो, असा अनेकांचा अनुभव आहे. चिरलेले, खोबणी पडलेले पाटे वळवण्यात तर काहीच अर्थ नसतो. मी दोन्ही बाजूंचे चारही पाटे नवे करून घेतले, कारण एका बाजूला नवी आणि एका बाजूला जुनी कमान ठेवली की गाडी कललेलीच राहते. काम देताना तीन गोष्टी विचारून घेतल्या: पोलाद तापवून तेलात विझवल्यावर त्याला नीट पाणी दिले जाते का, ताणाच्या बाजूवर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा केला जातो का, आणि तयार कमान नेहमीच्या ओझ्याहून अधिक दाबून तिची पहिली बसण कारखान्यातच काढली जाते का. गोळ्यांच्या माऱ्याने पृष्ठभागावर दाबाचा एक पातळ थर तयार होतो आणि चीर सुरू व्हायला अडथळा येतो.

आखूड पाटा कायमचा काढून टाकला. त्याच्या जागी ६ मिलिमीटर जाडीचा, मुख्य पाट्याच्या खालोखाल लांबी असलेला एक पाटा घेतला. ६ चा घन २१६. चार मूळ पाट्यांच्या बेरजेशी, म्हणजे १३७२ शी, तुलना केली तर लांबीचा फरक सोडून ताठपणात सुमारे सोळा टक्के भर पडते, तर आधीच्या पाट्याने ती निम्म्याहून अधिक पडली होती. लांब पातळ पाटा वाकण्याचे काम सगळ्या लांबीवर वाटून देतो. तळाचा सरळ हेल्पर पाटा मात्र तसाच ठेवला, कारण तो ओझे आल्यावरच कामाला लागतो आणि रिकाम्या गाडीला त्याचा त्रास नसतो. इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते: पाटे वाढवले म्हणून गाडीची ओझे वाहण्याची मंजूर मर्यादा वाढत नाही. एक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर आणि चासी जिथल्या तिथेच असतात. गाडी मागून बसलेली दिसत नाही म्हणून माणूस जास्त लादतो, आणि हा धोका बसलेल्या गाडीपेक्षा मोठा असतो.

नव्या पाट्यांच्या टोकांच्या वरच्या धारदार कडा कानशीने गोल केल्या आणि प्रत्येक टोकाशी प्लॅस्टिकची घर्षणरोधक चकती बसवली. पाट्यांच्या मधल्या पृष्ठभागांवर जस्तयुक्त प्रायमरचा अगदी पातळ हात दिला. जाड रंग तिथे दबून निघतो आणि मग सगळी बांधणी सैल पडते. चकती नसलेल्या जागी ग्रॅफाइटचे कोरडे वंगण वापरले, कारण ओल्या ग्रीसला माती चिकटते आणि तिचाच पॉलिश पेपर होतो.

बुश रबराचे घ्यावेत की पॉलियुरेथेनचे, यावर मी बराच विचार केला. पॉलियुरेथेन जास्त टिकते आणि एक्सलला घट्ट धरते, पण त्याला ठरावीक काळाने सिलिकॉन ग्रीस द्यावे लागते, नाहीतर ते कुरकुरते, आणि रस्त्याचा खरखराट ते चासीत जास्त पोहोचवते. मी रबर निवडले. रबरी बुशची नळी दोन्हीकडून धरलेली असते आणि हालचाल रबराच्या पिळातून होते. म्हणून तिथे ग्रीस लावायचे नसते, आणि खनिज तेलाने तर रबर फुगून जाते. जुने बुश काढताना बाहेरची नळी हॅक्सॉच्या पात्याने आतून लांबीने चिरली की ती आत मिटते आणि दोन हातोड्यांत बाहेर येते. नवे बुश लांब आट्याच्या दांड्याने आणि वॉशरने ओढून बसवले. बोल्टच्या अंगाला गंजरोधक पेस्ट लावली, म्हणजे पुढच्या वेळी ज्याच्यावर हे काम येईल त्याला करवत लागू नये.

जोडणीत मी दोन ठिकाणी मुद्दाम थांबलो. पहिले, सेंटर बोल्टचे डोके एक्सलच्या बैठकीतल्या भोकात पूर्ण बसले आहे की नाही हे हाताने चाचपून पाहिले, कारण ते काठावर राहिले तर यू बोल्ट कितीही आवळा, एक्सल पहिल्याच जोरदार ब्रेकला सरकतो. त्यानंतरच नवे यू बोल्ट टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या कोपऱ्यांवरून थोडेथोडे, तीन फेऱ्यांत मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत नेले. दुसरे, डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट फक्त हाताने टेकवून ठेवले, गाडी चाकांवर उतरवली, मागून दाबून हलवली आणि मगच ते आवळले. चाके लोंबत असताना हे बोल्ट आवळले तर रबर त्याच अवस्थेत पकडले जाते, गाडी खाली आल्यावर कायम पिळलेले राहते आणि अकालीच फाटते. एक्सल मागे सरकू देणारा माझा डावा बुश तीन वर्षांत का फाटला, याचे उत्तर मला वाटते इथेच होते.

उंची बदलली की तिच्यावर अवलंबून असलेले सगळे पुन्हा तपासावे लागते. शॅकलचा कल ठीक आला. एक्सलला दांड्याने जोडलेला, ओझ्याप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह मात्र जुन्या उंचीवर लावलेला होता. मागची बाजू उंच झाली की तो गाडी रिकामी समजतो आणि मागच्या चाकांचा ब्रेक कमी करतो. तो मॅन्युअलप्रमाणे लावला, आणि हेडलाइटही जुळवले. कोन मोजणाऱ्या यंत्राने गिअरबॉक्सच्या शाफ्टचा आणि हौसिंगच्या नाकाचा कल पाहिला. ते एकमेकांना समांतर असावेत. फरक अर्ध्या अंशाचा निघाला, म्हणून पाचर घालावी लागली नाही.

पहिल्याच फेरीत मात्र वेगळाच धक्का बसला. दणके गेले होते, ‘ठक्’ आवाज गेला होता, स्टिअरिंग सरळ होते; पण गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी दोन-तीनदा झुलत राहिली. आधी ती कधीच झुलत नव्हती. थोडा विचार केल्यावर उलगडा झाला. पाटे एकमेकांवर घासतात ते घर्षणही झोके शमवते, आणि गंजलेल्या पाट्यांचे घर्षण इतके होते की निकामी झालेले शॉक ॲब्सॉर्बर त्याआड लपले होते. चकत्या घातल्यावर ते उघडे पडले. काढून हाताने दाबून पाहिले तर एक अर्ध्या मार्गापर्यंत कसलाही विरोध न करता गेला. दोन्ही बदलले आणि गाडी एका झोक्यात स्थिर व्हायला लागली.

शंभर किलोमीटरनंतर यू बोल्टच्या आठही नटांना पुन्हा टॉर्क रेंच लावला. चार नट जवळजवळ पाव फेरा फिरले. पाट्यांमधला रंग, गंजाचे कण, चकत्या हे सगळे दबून बसतात, आणि तेवढ्याने पकड ढिली पडते. सैल यू बोल्टखालीच पाटा सेंटर बोल्टच्या भोकाशी तुटतो. आठशे किलोमीटरला एकही नट हलला नाही. तेव्हा परत उंची मोजली. दोन्ही बाजू ५ मिलिमीटरने बसल्या होत्या, जे नव्या कमानीत होतेच, आणि डाव्या-उजव्यातला फरक ४ मिलिमीटरचा राहिला होता. ओळंब्याने पाहिले तर एक्सल गुण्यात होता.

फक्त उजव्या हँगरच्या वरच्या रिव्हेटभोवती तांबूस गंजाचे एक बारीक कडे दिसते आहे. तिथली जागा साफ करून रिव्हेटच्या डोक्यावरून हँगरच्या पत्र्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवली आहे. रेघ जोडाशी तुटली तर रिव्हेट हलते आहे हे कळेल, आणि मग हँगर उतरवावा लागेल. आतापर्यंत चार वेळा खाली वाकून पाहिले; रेघ अखंड आहे.